‘मूरांचं स्वतःचं काय?’ : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार.

स्पेनमधली कोर्दोबाची मशीद आणि ग्रानादाचा अल्हाम्ब्रा राजवाडा या मूरांच्या, म्हणजे मध्ययुगात स्पेनमध्ये राज्य केलेल्या मुस्लिमांच्या, बांधकामांवरच्या माझ्या लेखाखाली आलेली तुमची प्रतिक्रिया वाचली. तिथेच उत्तर लिहायला घेतलं, पण ते वाढत गेलं, म्हणून वेगळी पोस्ट करते आहे. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं आधी जसंच्या तसं देते:

“ताई, भारावून लिहिण्याआधी जरा अभ्यास वाढवा. नालाकृती कमान व्हिजिगॉथांची, खांब रोमनांचे, मोझेक बायझंटाईन. यात मूरांचं स्वतःचं काय? सगळी उसनवारी. मग प्रभाव कसला? कोर्दोबा आणि ग्रानादा तर तुम्ही एकाच पंगतीला बसवलेत. चर्चच्या जागी मशीद बांधली, त्यावर सोयीस्कर मौन. असले लेख फोटो बघून कुणीही लिहील.”

आधी सुराबद्दल बोलते, कारण मला तेच जास्त लागलं. ‘ताई’ म्हणायचं आणि त्याच वाक्यात अभ्यास काढायचा, ही पद्धत मला मान्य नाही. मतभेदाचं मला वावडं नाही. याच ब्लॉगवर लोकांनी माझी मतं खोडून काढली आहेत आणि मी त्यांचे आभार मानले आहेत. पण त्यांनी मुद्दा मांडला होता, माझी लायकी काढली नव्हती. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून सांगते. माझे वडील वाईकडचे गवंडी. ओळंबा, गुण्या आणि थापी ही आमच्या घरातली रोजची भांडीकुंडी होती. कमानीखालची सेंटरिंग कधी काढायची, यावरून वडिलांची ठेकेदारांशी भांडणं झालेली मी लहानपणी ऐकली आहेत. पुढे पॉलिटेक्निकात मी अर्धं आयुष्य इमारतींची ड्रॉइंग शिकवली. आणि कोर्दोबाच्या त्या खांबांमध्ये मी स्वतः उभी राहिले आहे, मान दुखेपर्यंत वर बघत. ‘फोटो बघून’ हे शब्द तुम्ही मागे घ्यावेत, अशी माझी अपेक्षा आहे.

एक गोष्ट मान्य करते. कोर्दोबाच्या मशिदीचा आरंभ इ.स. ७८५ च्या सुमाराचा आणि अल्हाम्ब्रातला सिंहांचा चौक चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. मध्ये जवळजवळ सहाशे वर्षं गेली. लेखात सनावळ्या होत्या, पण हे अंतर वेगळं वाक्य करून लिहिलं असतं तर बरं झालं असतं.

आता ‘यात मूरांचं स्वतःचं काय?’

नालाकृती, म्हणजे घोड्याच्या नालेसारखी कमान मूरांच्या आधी, व्हिजिगॉथ राजांच्या काळातच स्पेनमध्ये होती, हे मी लेखातच लिहिलं आहे. ६६१ मधल्या सान हुआन दे बान्योसच्या चर्चचं नावही दिलं आहे. ते तुमच्या वाचण्यातून सुटलं असावं. खांब जुने होते, हेही लिहिलं आहे. पण तुमचं वाक्य जिथे संपतं, त्याच्या पुढचं मला लिहावंसं वाटतं. जुने खांब हाताशी आहेत, बरं, मग पुढे काय?

पडक्या रोमन आणि व्हिजिगॉथिक इमारतींतून आणलेले ते खांब आखूड होते आणि एकसारखेही नव्हते. कुणी लांब, कुणी तोकडा. कुठे खाली बैठक देऊन, कुठे जमिनीत उतरवून त्यांची डोकी एका पातळीत आणली. पण मशीद बांधवून घेणारा कोर्दोबाचा अमीर अब्द अल-रहमान पहिला याला हवा होता शेकडो माणसं मावतील असा दालनाचा विस्तार. एवढ्या विस्तारावर छत इतकं खाली टेकलं असतं तर आत गुदमरायला झालं असतं. खांबावर खांब चढवावा तर तो डुगडुगणार.

त्या गवंड्यांनी काय केलं ते बघा. खांबाच्या शीर्षावर दगडी चौकोनी स्तंभ उभा केला. दोन शेजारच्या स्तंभांच्या पायाशी एक नालाकृती कमान टाकली आणि ती मोकळी ठेवली. तिच्यावर भिंत नाही, खाली भिंत नाही, दोन्हीकडून हवा. तिचं काम एकच, स्तंभांना एकमेकांपासून ढळू न देणं. मग स्तंभांच्या माथ्यावर दुसरी, अर्धवर्तुळाकार कमान. छताचा भार हिच्यावर. खाली सडपातळ खांब, वर जाताना बांधकाम रुंद होत जातं, आणि सगळ्यात वरच्या जाड भिंतीवर दोन छपरांमधलं पावसाचं पाणी वाहून नेणारी पन्हळ. उंची मिळाली, डुगडुग गेली, पाण्याची सोय झाली. लाल विटा आणि फिकट दगड आलटून-पालटून लावल्यामुळे कमानी डोळ्यांत भरतात, पण त्यांच्या रंगाआधी मला त्यांचं काम दिसतं.

दगडविटांचे असे पट्टे मेरिदाच्या रोमन जलवाहिनीतही आहेत, हे तुम्ही सांगाल, म्हणून मीच सांगते. आहेत. पण त्या जलवाहिनीखाली उभं राहिलं की पूल दिसतो. कोर्दोबाच्या दालनात उभं राहिलं की कोणत्याही दिशेला बघा, कमानींच्या रांगा एकमेकींतून वाट काढत जातात आणि भिंत कुठे आहे ते पटकन कळत नाही. हा अनुभव रोमनांनी दिलेला नाही.

माझ्या वडिलांनी जुन्या वाड्यांचे सागवानी खांब आणि घडीव दगड नव्या घरांना कितीदा वापरले. त्या घरांना कुणी ‘उसनं घर’ म्हटलं नाही. घर बांधणाऱ्याचं असतं.

शिवाय ‘खांब रोमनांचे’ हे सगळ्या मशिदीला लागूही पडत नाही. ९६० च्या दशकात खलिफा अल-हकम दुसऱ्याने मशीद दक्षिणेकडे वाढवली, तेव्हाचे खांब मुद्दाम घडवून घेतलेले आहेत. एक निळसर-काळा, एक गुलाबी, असे आलटून-पालटून, आणि त्यांची शीर्षंही नव्याने कोरलेली. मेहराबीचं, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्याचं, मोझेक करायला बायझंटाईन सम्राटाकडून कारागीर आणि काचेचे तुकडे आले, हे खरं. पण ज्या अरबी इतिहासकारांनी हे नोंदवलं, त्यांनीच पुढचंही लिहून ठेवलं आहे. खलिफाने त्या कारागिराच्या हाताखाली आपली माणसं शिकायला बसवली, ती तयार झाली आणि तो परत गेल्यावर काम त्यांनी चालू ठेवलं. अर्धीच नोंद उचलायची आणि उरलेली सोडायची, याला अभ्यास म्हणत नाहीत.

मेहराबीसमोरचा घुमट तर तुम्ही बघितलाच नसावा. आठ कमानींच्या फासळ्या एकमेकींना छेदत जातात, त्यांचा तारा तयार होतो, आणि त्या मध्यातून जात नाहीत. मध्य मोकळा राहतो आणि त्या मोकळ्या जागेवर छोटा, पाकळ्यापाकळ्यांचा घुमट बसतो. खाली पाकळीदार कमानी एकमेकींत अशा गुंतवल्या आहेत की शोभा आणि आधार वेगळे काढता येत नाहीत. पुढे तोलेदोत ९९९ साली एक चिमुकली मशीद झाली, बाजूला जेमतेम आठ मीटर. आत चार खांब, त्यांची शीर्षं जुनीच, व्हिजिगॉथिक. पण वर नऊ गाळ्यांना नऊ घुमट, आणि नवांच्या फासळ्यांची रचना वेगवेगळी. खालचे खांब मोजायचे आणि वर बघायचंच नाही, असं करून या लोकांचं काम कसं कळेल?

‘मग प्रभाव कसला?’ याला एक दरवाजा पुरे आहे. सेव्हिलच्या अल्काझारमध्ये कास्तिलचा ख्रिस्ती राजा पेद्रो याने १३६४ मध्ये आपल्या राजवाड्याचं दर्शनी अंग उभारलं. ग्रानादाचा मुस्लिम सुलतान मुहम्मद पाचवा त्याचा मित्र, सिंहांचा चौक बांधणारा तोच. दरवाजाच्या वर गॉथिक अक्षरांत पेद्रोचं नाव आणि साल कोरलेलं आहे, आणि त्या अक्षरांच्या मधल्या पट्टीत निळ्या फरशांनी ग्रानादाच्या नासरी घराण्याचं ब्रीद पुन्हा पुन्हा रचलं आहे: अल्लाहशिवाय विजेता नाही. हरणाऱ्यांवर लादलेली ही गोष्ट नव्हे. राज्य करणाऱ्याने स्वतःच्या दारावर हौसेने लावून घेतलेली आहे. याच पेद्रोचा खजिनदार साम्युएल हा-लेवी या ज्यू माणसाने तोलेदोत सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) बांधलं, तर त्याच्या भिंतींवरच्या चुन्याच्या नक्षीत हिब्रू आणि अरबी दोन्ही लेख आहेत. अगदी १८५९ मध्ये बुडापेस्टला दोहानी रस्त्यावरचं मोठं सिनेगॉग झालं, तेव्हाही त्याला मूर वळण हवंसं वाटलं. यादी आणखी वाढवता येईल, पण ज्याला सेव्हिलचा दरवाजा पटत नाही त्याला यादीनेही पटणार नाही.

चर्चचा मुद्दा. त्या जागी आधी सान व्हिसेन्तेचं चर्च होतं, असं अरबी इतिहासकारच लिहितात. १२३६ मध्ये फर्नांदो तिसऱ्याने कोर्दोबा जिंकल्यावर मशिदीचं कॅथेड्रल झालं, आणि १५२३ पासून खांबांच्या त्या रानात मधोमध जागा करून भलंमोठं नवं कॅथेड्रल उभारलं गेलं. माझा लेख बांधकामावर होता, म्हणून मी दोन्ही बाहेर ठेवलं. एक सांगून दुसरं लपवलं असतं तर ‘सोयीस्कर’ हा शब्द मी ऐकून घेतला असता. या विषयावर इथे वाद रंगवायची माझी इच्छा नाही. त्या दिशेने आलेल्या प्रतिक्रिया मी प्रकाशित करणार नाही.

तुम्हाला पुढे लिहायचं असेल तर जरूर लिहा, पण मी विचारलेल्या गोष्टीवर लिहा. मध्य मोकळा सोडून एकमेकींना छेदणाऱ्या फासळ्यांवर उचललेला घुमट अल-हकमच्या आधीच्या एखाद्या रोमन किंवा व्हिजिगॉथिक इमारतीत दाखवा. इमारतीचं नाव आणि गाव द्या. मी तिचा नकाशा काढून इथे छापेन.