प्लग पॉइंट सांगेल तिथे

डोंबिवलीतल्या वन बीएचकेमध्ये नवी वस्तू आणायची म्हणजे जुनी एखादी हाकलायची, हे इथे सगळ्यांना ठाऊक असतं. तरीही लेकीचं कॉलेज, माझं घरून चालणारं काम आणि लॅपटॉपपुढे मान घालून बसल्याने खांद्यात भरलेली कळ, या तिघांनी मिळून डेस्कटॉपचा ठराव एकमताने मंजूर केला. लॅमिंग्टन रोडवरून कॅबिनेट, 24 इंची मॉनिटर आणि यूपीएस अशी खोकी आली. ती हॉलच्या मधोमध ठेवून सगळे भोवती उभे राहिलो, आणि तेव्हा कुठे आईने विचारलं, "ठेवणार कुठे रे हे?"

उत्तरही तिच्याकडे तयार होतंच. विजेची वस्तू म्हणजे अग्नी, आणि अग्नीची दिशा आग्नेय. लेकीने मोबाइलमधलं होकायंत्र उघडलं. हॉलच्या मध्यात उभं राहिलं तर आग्नेयेला आमचं बाथरूम येत होतं. आईचा चेहरा पडला. मग लेक सहज बेडरूममधल्या लोखंडी कपाटाला टेकून उभी राहिली, तर काटा गर्रकन फिरला आणि आग्नेय खिडकीपाशी आली. लोखंडाजवळ होकायंत्र बहकतं, हे मी आईला समजावून पाहिलं. पण सोयीची दिशा मिळाल्यावर शास्त्र कोण विचारतो? कपाटाजवळची आग्नेय ग्राह्य धरण्यात आली.

खिडकी पश्चिमेची. चारनंतर ऊन थेट पडद्यावर. टेबल फिरवलं, तर समोरच्या बिल्डिंगमध्ये वाळत घातलेले सगळे कपडे स्क्रीनवर दिसायला लागले, नऊवारीसकट. लेकीने कुठेसं वाचलेलं होतं: खिडकी पाठीमागे नको, समोरही नको, बाजूला हवी, स्क्रीन हातभर लांब, त्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत, आणि कॅबिनेटच्या मागे गरम हवा बाहेर पडायला चार-सहा इंच मोकळी जागा. हे सगळं तंतोतंत पाळलं तर टेबल बरोबर दाराच्या चौकटीत येत होतं.

"बाबा, मग मी आत कशी येणार?"

"वाकून."

स्वयंपाकघराचं नाव मी काढण्याआधीच हिने आतून सांगितलं, "अहो, इथे नाही हं!" आणि तिचं बरोबरच होतं. कॅबिनेटचा पंखा खोलीतली हवा आत ओढतो; फोडणीच्या वाफेबरोबर तेल आत गेलं की त्यावर धूळ बसून मदरबोर्डवर छान थर जमतो. गॅलरी तर बादच. तिथे जुलैत पाऊस आडवा येतो आणि बाराही महिने कबुतरं राहतात.

शेवटी तात्पुरता म्हणून बेडरूममध्येच मांडला. आईने नारळ ठेवला, हळदकुंकू लावायला गेली, आणि कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूला बोट लागताच ओरडली, "अरे, चावतंय हे!"

वायरमनला बोलावलं. त्याने होल्डरला बल्ब लावला, एक वायर फेजला धरली, दुसरी सॉकेटच्या वरच्या, अर्थिंगच्या जाड भोकाला. बल्ब ढिम्म. बोर्ड उघडला आणि आत टॉर्च मारून म्हणाला, "साहेब, भोक आहे. मागे वायरच नाही."

कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधून थोडासा करंट कायम झिरपत असतो. अर्थिंग असलं तर तो मुकाट जमिनीत जातो, नसलं तर पत्र्यावर बसून राहतो आणि माणसाची वाट बघतो. बिल्डिंग 1994 ची. तेव्हा बिल्डरच्या वायरमनने तीन भोकांचे सॉकेट सगळीकडे बसवले, पण तिसऱ्या भोकामागे वायर फक्त मनात येईल तिथे टाकली. वर बेडरूमचा एक पॉइंट दारामागे, कमरेच्या वर. दुसरा एसीसाठी 16 अँपियरचा, छताजवळ. वास्तुपुरुष वगैरे ठीक आहे, पण आपल्या घरात कोण कुठे बसणार हे त्या अनोळखी वायरमनने पक्कडीने ठरवून ठेवलंय, असं माझं स्पष्ट मत आहे. टीव्ही, फ्रिज, मिक्सर, आता कॉम्प्युटर; सगळे त्याच्याच आज्ञेत.

"नवीन वायर ओढू?" आमचा वायरमन म्हणाला. "कन्सील हवी तर भिंतीला झिरी मारावी लागेल."

झिरी हा शब्द ऐकताच ही ताडकन उभी राहिली. रंग गेल्या दिवाळीलाच काढला होता.

बल्ब लख्ख पेटला तो दोनच ठिकाणी. फ्रिजच्या मागे आणि हॉलमध्ये, शोकेसजवळ. फ्रिज हलणार नव्हता. तेव्हा शोकेसमधल्या बाहुल्या आणि लेकीच्या बालवाडीतल्या ढाली माळ्यावर गेल्या आणि कॉम्प्युटर हॉलमध्ये आला. वायर पुरेना म्हणून स्क्रीनचं तोंड मुख्य दाराकडे. यूपीएस टेबलाखाली, लाइट गेली की तो असा कोकलतो की मी फाइल सेव्ह करण्याआधी त्याचंच तोंड बंद करायला वाकतो.

दार दिवसभर उघडं असतं, त्यामुळे मी काय काम करतो ते आता अख्ख्या मजल्याला कळतं. शेजारचे काका चपला बाहेर काढून माझ्या मागे उभे राहतात आणि "चालू दे, चालू दे," म्हणतात. सकाळी दहाला रेल्वेच्या एसीचं तत्काळ बुकिंग उघडतं, अकराला स्लीपरचं. म्हणून काका पावणेदहापासूनच खुर्ची ओढून बसलेले असतात. मोठा स्क्रीन असला की तिकीट लवकर मिळतं, अशी त्यांची श्रद्धा आहे.

परवा कोकणकन्या होती. लॉगिन झालं, नावं भरली, दहा वाजले, आणि आधारचा ओटीपी मागितला.

"काका, ओटीपी सांगा पटकन. तुमच्या मोबाइलवर आलाय."

काकांनी खिसे चाचपले. "मोबाइल घरी चार्जिंगला लावलाय रे. आमचा पॉइंट पण दारामागेच ना. थांब हं, टेबल सरकवून आणतो."