विचारा, पण आधी फाइल वाचा

डेबियन या लिनक्स प्रणालीवर एखाद्या पॅकेजसाठी, म्हणजे इन्स्टॉल केलेल्या प्रोग्रामसाठी, सेटिंग्ज नव्याने विचारणारी 'डीपीकेजी-रीकॉन्फिगर' ही कमांड चालवली की निळा पडदा उघडतो आणि उलटतपासणी सुरू होते. एकदा दिलेल्या उत्तरांचे प्रश्नही पुन्हा येतात. तो त्या कमांडचा धर्मच आहे. माझी तक्रार प्रश्नांबद्दल नाही, समोर आधीच भरून ठेवलेल्या उत्तरांबद्दल आहे.

सर्व्हरचा पोर्ट, म्हणजे ज्या क्रमांकावर तो भेटतो तो, मी 'ईटीसी' या सेटिंग्जच्या फोल्डरमधल्या फाइलमध्ये कधीच बदललेला असतो. सर्व्हर त्यावर गुण्यागोविंदाने नांदत असतो. मी गेलेलो असतो फक्त पासवर्ड बदलायला, आणि पॅकेज इन्स्टॉलच्या दिवशीचा पोर्ट पुढे करून विचारतं, "हाच ना?" आपण पोटासकट समोर उभे असताना शिंप्याने वहीतलं कॉलेजच्या काळातलं माप काढून कापडाला कात्री लावावी, तसला हा प्रकार. अहो, टेप गळ्यातच लटकतेय!

ही वही म्हणजे पॅकेजांच्या वतीने प्रश्न विचारणाऱ्या डेबकॉन्फचा डेटाबेस. तो राहतो 'व्हार' फोल्डरमधल्या 'कॅश'मध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात. उद्या उडाला तरी कुणाचं अडू नये, हे त्याच्या पत्त्यातच लिहिलंय. पॅकेजांतल्या चुका तपासणाऱ्या लिंटियन या प्रोग्रामकडे तर 'डेबकॉन्फ इज नॉट अ रजिस्ट्री' (डेबकॉन्फ म्हणजे नोंदवही नव्हे) नावाचा खास शेराच आहे. इतकं स्पष्ट सांगूनही काही पॅकेजं त्या कॅशला सातबारा समजतात.

शहाणी पॅकेजंही असतात. त्यांची प्रश्न विचारणारी कॉन्फिग स्क्रिप्ट आधी 'ईटीसी'तली फाइल वाचते, तिथली मूल्यं डेबकॉन्फला कळवते, मग तोंड उघडते. उत्तरं फाइलमध्ये उतरवणारी पोस्टइन्स्ट ही स्क्रिप्टही लागेल तेवढ्याच ओळी बदलते. अडाणी पॅकेज सगळी फाइल नव्याने लिहितं, आणि 'याला हात लावू नये' ही माझी टीपसुद्धा पुसून टाकतं. स्थानिक बदल जपलेच पाहिजेत, हे डेबियनच्या धोरणात आहे. ते त्याने वाचलेलं नसतं. मग माझी टीप कशाला वाचेल?

त्यापेक्षा पॅकेजं बसवणारा आपला रुक्ष डीपीकेजी बरा. कॉन्फफाइल, म्हणजे पॅकेजसोबत आलेली सेटिंग्जची फाइल, मीही बदलली आणि नव्या आवृत्तीत पॅकेजवाल्यानेही, तरच तो विचारतो. फरक बघायचा तर दाखवतो. नुसतं एंटर दाबलं, तर माझीच फाइल ठेवतो.

डेबकॉन्फच्या प्रश्नांना कंटाळून काही जण त्याचा फ्रंटएंड, म्हणजे विचारायची पद्धत, 'नॉनइंटरॅक्टिव्ह' (काहीच न विचारणारी) करतात. मग अडाणी पॅकेज काही म्हणजे काही विचारत नाही. लिहितं मात्र.