शाळेतून फोन आला की पोटात गोळा का यावा?

पालक आणि शाळेच्या संवादावरच्या एका लेखात वाचलं की पालकांनी शाळेशी वर्षभर बोलत राहावं, नुसतं रिझल्टच्या दिवशी तोंड दाखवू नये, एकदम पटलं. पण आमच्या शाळेत पालकांची मीटिंग ठेवतात बुधवारी सकाळी अकराला, आणि मी भांडुपहून फोर्टला नोकरीला जाते, म्हणजे हाफ डे टाकल्याशिवाय जमतच नाही. व्हॉट्सॲप ग्रुप आहे पण त्यात फक्त ॲडमिन लिहू शकतो, मग ती नोटीसच झाली ना, बोलणं कुठंय त्यात?

माझा मुलगा तिसरीत असताना फळ्यावरचं अर्धवट उतरवून आणायचा, डायरीत 'लक्ष नसते' असा शेरा तीनदा आला आणि मी घरी त्यालाच ओरडत बसले, त्याचं अजून वाईट वाटतं. शेवटी सुट्टी टाकून बाईंना भेटले, दहाच मिनिटं बोललो असू, त्या सहज म्हणाल्या की तो डोळे बारीक करून बघतो, आणि तेव्हा कळलं की त्याला चष्मा हवाय!! बाईंवर राग नाही हां माझा, वर्गात एवढी मुलं, वरून इलेक्शनची कामं.

आणि एक, २००९ च्या आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पालिकेच्या शाळेत शाळा व्यवस्थापन समिती लागते, तिच्यात ७५ टक्के पालक आणि एकूण निम्म्या बायका हव्यात. तुमच्या शाळेच्या समितीवर कोण आहे ते जाऊन विचारा, आमच्याकडे मी विचारेपर्यंत निम्म्या पालकांना माहीतच नव्हतं. मीटिंग शनिवारी घ्या असं आम्ही आता तिथेच लेखी दिलंय.