रंगाआधी आकार पाहा

जुन्या मेकॅनिकल कीबोर्डमधले स्विच (प्रत्येक कळीखालची दाबली जाणारी यंत्रणा) कसे ओळखायचे, यावर एक लेख वाचला. कीकॅप, म्हणजे कळीवरची टोपी, काढून स्विचचा रंग पाहा, म्हणजे प्रकार कळतो, असं त्यात म्हटलंय. मला ते अपुरं वाटतं. निळा रंग चेरी कंपनीच्या एमएक्स स्विचमध्येही आहे आणि आल्प्स कंपनीच्या स्विचमध्येही, आणि दोन्ही स्विच पूर्ण वेगळे! आधी आकार बघावा. स्विचच्या वरच्या टोकाला अधिकचं चिन्ह (+) दिसलं तर चेरी किंवा त्याची नक्कल, आडवी आयताकृती खाच असेल तर आल्प्सच्या घराण्यातला. नकलाही पुष्कळ निघाल्या, म्हणून स्विचवर कोरलेलं नाव भिंगातून वाचावंच.

आयबीएमच्या मॉडेल एम या कीबोर्डची गोष्टच निराळी. कॅप, आणि ती दोन भागांची असेल तर खालचा भागही, काढला की आत नुसती स्प्रिंग उभी दिसते. ती वाकते तेव्हा 'खट्ट' आवाज येतो. आयबीएमच्याच मॉडेल एफमध्येही तशीच स्प्रिंग, पण खाली कपॅसिटिव्ह पॅड (विद्युत-धारकतेतल्या बदलावरून दाब ओळखणारा), एममध्ये मेम्ब्रेन (संपर्क असलेले पातळ प्लॅस्टिकचे थर). कीबोर्डच्या मागच्या लेबलवर पार्ट नंबर आणि बहुधा तारीखही असते, ती आधी टिपून ठेवा. १३९१४०१ दिसला तर तो मॉडेल एमच.

आणि कृपा करून स्क्रूड्रायव्हरने कॅप उचकटू नका. तारेच्या पुलरने (कॅप ओढून काढायच्या साधनाने) सरळ वर ओढा. वाकडा जोर लागला की जुनं प्लॅस्टिक तुटतं, मी असा एक सुंदर स्विच कायमचा गमावलाय.