वीतभर जास्त

गाडी दारात येऊन थांबली तेव्हा आई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. तिनं आधी गाडीकडं खालून वर बघितलं, मग माझ्याकडं वरून खाली बघितलं आणि विचारलं, "आता हिच्यात मी चढायचं कसं?"

"आई, टायर बघ की!"

"तेच बघतेय. स्टूल कुठं ठेवणार?"

तेव्हापासून आमच्या पिकअपमध्ये एक लाकडी स्टूल कायमचं मुक्कामाला आहे. गाडी घेतली तेव्हा बरोबर जॅक, पाना आणि टॉमी मिळाली होती. स्टूल ही आमची घरची भर.

गाडी म्हणजे डबल केबिन पिकअप, एमएच १३, म्हणजे सोलापूरची. धंदा टॉवेल-नॅपकिनचा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून सुताची पोती उचलायची, पूर्व भागातल्या मागांवर टाकायची आणि तयार मालाचे गठ्ठे ट्रान्सपोर्टला पोचवायचे. या सगळ्या फिरतीत डांबर एकदाही संपत नाही. (खड्डे येतात, पण ते डांबराचेच धरायचे.) ऑफ-रोड म्हणावी अशी माझ्या आयुष्यात एकच जागा आहे, मोहोळकडच्या आमच्या शेताची पाणंद. लांबी पाऊण किलोमीटर. पावसाळ्यात तिथंही मी गाडी नेत नाही, कारण काळी माती. आणि गाडी टू-व्हील ड्राइव्ह आहे, हे मी लोकांना आपण होऊन सांगत नाही.

तरी मोठे टायर हवेत असं मला वाटलं. कारण विचाराल तर एका रविवारी हिप्परगा तलावावर एक जीप बघितली. तिचे टायर असे होते की जीप त्यांच्यावर पाहुणी म्हणून बसल्यासारखी दिसत होती. मी घरी आलो, माझ्या गाडीकडं बघितलं आणि मला ती एकदम चपला घालून लग्नाला आल्यासारखी वाटायला लागली. त्यानंतर चार रात्री मोबाइलवर दुसरं काही बघितलं नाही. परदेशातली माणसं चिखलातून, ओढ्यातून, दगडांवरून गाड्या नेत होती आणि मी पांघरुणात पडून मान हलवत होतो.

टायरच्या दुकानात गेलो. माझ्या टायरवर लिहिलेलं असतं २१५/७५ आर १५. दुकानदार म्हणाला, "मालक, २३५/७५ टाकला तर कुणाच्या लक्षातपण येणार नाही. टाकायचा तर ३१ इंची टाका. गाडी वाघ दिसंल." कुणाच्या लक्षात न येण्यासाठी माणूस पैसे खर्च करत नाही, हे त्याला बरोबर माहीत होतं. मग कळलं की साडेदहा इंच रुंदीचा तो टायर माझ्या जुन्या अरुंद रिमवर बसत नाही. म्हणजे रिमही नव्या. एवढं सगळं झाल्यावर मला एक शहाणा प्रश्न सुचला. या सगळ्या प्रकरणात तेवढाच.

"गिअरचं काय? ते बदलायला लागतात का?"

"गिअरला काय होतंय?" तो म्हणाला. "गिअर आत असतो, टायर बाहेर."

या उत्तरानं माझं इतकं समाधान झालं की मी लगेच चहा मागवला. खरं सांगायचं तर मला समाधानच हवं होतं. टायर लोकांना दिसतात. डिफरन्शियलच्या पोटातलं, इंजिनाचे फेरे चाकांपर्यंत पोचवणारं क्राऊन-पिनियन बघायला कोण गाडीखाली वाकतंय? पैसे किती झाले हा आकडा घरात अजून जाहीर झालेला नाही, त्यामुळं इथंही लिहीत नाही.

पहिले आठ दिवस फार सुखाचे गेले. विजापूर रोडला पोरं वळून बघायची. सात रस्त्याला सिग्नलवर शेजारच्या रिक्षावाल्यानं विचारलं, "काय करलालास बे, ट्रॅक्टरला केबिन बसवलास का?" मी हसलो. सिग्नल सुटला, रिक्षा गेली, मागची सिटी बस गेली आणि मी अजून हाफ क्लच सोडत होतो. रिकामी गाडी सपाटीवर पहिल्यात उचलायची तर आधी एवढं कधी मनधरणी करावी लागत नव्हती. मी मनात म्हटलं, नवीन टायर आहेत, रुळतील.

टायर रुळले नाहीत, मलाच सवय झाली. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढचा टायर मडगार्डच्या प्लॅस्टिकला घासून खर्रर्र असा आवाज करायचा. घरच्या गल्लीत एका दमात वळणारी गाडी तीन वेळा मागंपुढं व्हायला लागली. स्टेपनी गाडीखालच्या तिच्या जागेत मावेना, म्हणून ती मागं हौद्यात सुताच्या पोत्यांवर दोरीनं बांधून फिरायची, पंढरपूरला निघालेल्या म्हातारीसारखी. पाचवा गिअर तर पाहुण्यांच्या कपबशीसारखा झाला. आहे, पण वापरायचा नाही. ८० च्या वेगात पाचवा टाकला की इंजिनाचे फेरे इतके उतरायचे की जरासा चढ दिसला तरी पुन्हा चौथ्यात यावं लागायचं. हायवेवर टायरांचा हूंऽऽ असा आवाज येई तो वेगळाच. आई म्हणायची, गाडीत कुणीतरी जप करतंय.

त्यात बायकोची वही. आमच्या घरी डिझेलचा हिशेब ती ठेवते, तारखेसकट, मीटरच्या रीडिंगसकट. पंधरा दिवसांनी तिनं वही पुढं केली. "अहो, लिटरला १२ देत होती, आता पावणेदहा?"

मी तयारी करून बसलो होतो. "मीटर कमी दाखवतंय. टायर मोठा म्हणजे एका फेऱ्यात जास्त अंतर. आपण खरे ११२ किलोमीटर जातो तेव्हा मीटरवर १०० पडतात."

"म्हणजे जास्तीचे १२ किलोमीटर गाडी गेली, पण मोजले नाहीत?"

"बरोबर."

"ते धरले तर?"

मी मोबाइलवर गुणाकार केला. "लिटरला ११ च्या आसपास."

"म्हणजे धरूनही एक कमीच आहे," असं म्हणून तिनं वही मिटली. मग उघडली. "आणि काटा ८० दाखवतो तेव्हा खरे किती असतात?"

"८९... साधारण."

"मग 'हळू चालवतोय' म्हणून फोनवर जे सांगता, ते..."

मी शेताला पाणी सोडायचं आठवून उठलो.

खरी परीक्षा आप्पांच्या हातात होती. आप्पा गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम होते. गिरणी बंद पडून जमाना झाला, पण फिरणारी कुठलीही वस्तू दिसली की त्यांचा हात अजून खिशातल्या पेन्सिलीकडं जातो. त्यांनी एका लग्नपत्रिकेची पाठ घेतली आणि मला समोर बसवलं.

"तुझ्या जुन्या टायरवर २१५ लिहिलंय ती रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे उंची रुंदीच्या पाऊणपट. २१५ ची पाऊणपट?"

मी मोबाइल काढला.

"ठेव तो. पाऊणकी शिकला असतास तर टायरवाल्यानं फसवलं नसतं. १६१ आणि पाव. वरून एक, खालून एक, झाले सव्वातीनशेला थोडे कमी, ३२२. मधली रिम १५ इंच, म्हणजे ३८१. एकूण ७०३. आता नवा टायर सरळच ३१ इंची, म्हणजे ७८७. परीघ काढ. जुना एका फेऱ्यात सव्वादोन मीटरच्या आत चालायचा, नवा अडीच मीटरच्या आत." त्यांनी दोन वर्तुळं काढली, वजाबाकी केली आणि अंगठा व करंगळी ताणून पत्रिकेवर ठेवली. "२६ सेंटिमीटर. प्रत्येक फेऱ्याला वीतभर जास्त. वीत आणि वर तीन बोटं म्हण."

"वीतभरानं काय होतंय आप्पा?"

"इंजिन तेच?"

"तेच."

"गिअर तेच?"

"तेच."

"म्हणजे कामगार तोच, पाळी तीच, आणि प्रत्येक फेऱ्याला वीतभर जास्त काम. मजुरी वाढवलीस का?"

एवढं बोलून ते थांबले असते तर ते आप्पा कसले. त्यांनी मागाचं उदाहरण काढलं. मोटारीवरची पुली मोठी बसवली की माग जोरात पळतो, मालकाला आनंद होतो. पण मोटार तापायला लागते, कारण पळवायला जास्त ओढ लागते आणि ती ओढ मोटारीत असावी लागते. टायर मोठं करणं हे त्याच जातीचं काम. गाडीच्या क्राऊन-पिनियनचा रेशो ४.१ आहे, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला आतल्या शाफ्टचे ४.१ फेरे, पण तो कागदावर. या टायरांवर गाडी ३.६६ चं क्राऊन-पिनियन बसवल्यासारखी वागणार. पळायला मोकळी, उचलायला जड. जुनी ताकद परत हवी असेल तर आत ४.६ च्या जवळपासचं बसवावं लागेल. "गिरणीत चेंज व्हील नावाचा प्रकारच यासाठी असतो," आप्पा म्हणाले. "एक बदललं की दुसरं बदलावं लागतं. तू एकच बदललास, तेही दिसणारं."

मी म्हटलं, ओढते की व्यवस्थित. त्यांनी पत्रिका घडी घालून माझ्या खिशात ठेवली. "चढाला वाच."

चढ लवकरच आला. कोजागिरीला सोलापुरातून तुळजापूरला हजारो माणसं पायी निघतात, चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. आमच्या गल्लीचं मंडळ वाटेत पाणी, चहा आणि केळी वाटतं, आणि यंदा गाडी माझी. वीस लिटरचे चाळीस जार, केळीची पोती, चहाचं पातेलं, वर चार पोरं आणि पोरांवर स्टेपनी. पाण्याचंच वजन ८०० किलो झालं, हे मी गाडीत बसल्यावर मोजलं.

तामलवाडीपर्यंत सगळं छान. घाटाचा चढ लागला तशी गाडी तिसऱ्यातून दुसऱ्यात आली आणि दुसऱ्यात तक्रार करायला लागली. रस्ता माणसांनी भरलेला, त्यामुळं वेग घेऊन चढ मारायची सोय नाही. एका ठिकाणी पुढं गर्दी तुंबली आणि मला भर चढावर थांबावं लागलं. ब्रेकही पूर्वीपेक्षा जास्त दाबावा लागतो, हे त्या क्षणी फार बारकाईनं लक्षात आलं. गर्दी हलली. मी पहिला टाकला, हँडब्रेक सोडला, क्लच अर्धा, ॲक्सिलरेटर दिला. इंजिन ओरडलं, गाडी थरथरली आणि चार बोटं पुढं सरकली. पुन्हा क्लच. आणखी चार बोटं. आप्पांची वीत हप्त्याहप्त्यानं वसूल होत होती.

मग तो वास आला. ज्यानं क्लच प्लेट जळताना एकदा हुंगली आहे तो ती विसरत नाही. रबर, केस आणि उधारी एकत्र जाळल्यासारखा वास.

शेजारून अनवाणी चालणाऱ्या एका आजींनी नाकाला पदर लावला. पायाला धूळ, हातात परडी, पाठीवर पिशवी. सोलापूरपासून चालत आलेल्या. त्यांनी आधी टायरकडं बघितलं, मग मला विचारलं, "लेकरा, काय करपलं रे?"

"काही नाही आजी. गाडी जरा तापलीय."

"ढकलू का?"

मी नाही म्हणेपर्यंत उशीर झाला होता. आमची पोरं लाजून खाली उतरली, मागं दहा-पंधरा माणसं लागली आणि कुणीतरी आवाज दिला, "आई राजा उदो उदो!" गाडी हलली. ज्यांना पाणी पाजायला आम्ही आलो होतो ते पाण्यासकट आम्हाला घाटात ढकलत होते. वर पोचल्यावर मी पहिला जार त्या आजींसाठी उतरवायला गेलो, तर त्या केव्हाच पुढं निघून गेल्या होत्या.

मिस्त्रीनं गाडी खोलली. क्लच प्लेट तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखी दिसत होती. "लोड कमी करा नाहीतर टायर कमी करा मालक," तो म्हणाला. क्राऊन-पिनियनचं विचारलं तर त्यानं डोकं खाजवलं. तुमच्या हाउसिंगमध्ये बसेल असं ४.६ चं मिळायला पाहिजे, मिळालं तर हाउसिंग खोलायचं, शिम म्हणजे पातळ चकत्या टाकून बॅकलॅश, म्हणजे दात्यांमधली फट जुळवायची, नाहीतर टायरांचा आवाज बरा म्हणायची वेळ येईल. वर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चं त्यानं वेगळं ऐकवलं, कंपनीनं दिलेल्यात असे बदल केले की आरटीओ काय म्हणतो ते. क्लच, प्रेशर प्लेट आणि बेअरिंगचं बिल मी वहीत "किरकोळ" या सदरात टाकलं. बायकोनं ते सदरच खोडलं.

शेवटी आप्पांनीच तोडगा काढला. "पुली वाढवायचीच तर एक नंबरनं वाढव, तीन नंबरनं नको." म्हणजे तोच २३५/७५, जो कुणाच्या लक्षातपण येणार नाही म्हणून मी नाकारला होता. आप्पांनी त्याचीही पाऊणपट काढून ठेवली होती. व्यास ७३३, जुन्यापेक्षा जेमतेम चार टक्के जास्त. एवढं गाडी सहन करते.

परवा आम्ही दोघं टायरच्या दुकानात गेलो. जॅक लावला होता, पुढची दोन ३१ इंची खाली उतरून भिंतीला टेकली होती. तेवढ्यात एक पोरगा आला, विशी-बाविशीचा. बाहेर त्याची पिकअप उभी होती, आधीच्या माझ्यासारखीच, बारक्या चपला घातलेली. तो माझ्या टायरांसमोर उकिडवा बसला आणि त्यांच्या खाचांतून बोट फिरवायला लागला.

"काका, विकायचे आहेत का? रिमसकट?"

"बघू की."

"गिअरचं काही करायला लागतं का?"

दुकानदार गल्ल्यातले सुटे पैसे मोजायला लागला. आप्पांनी घसा खाकरला आणि त्यांचा हात खिशातल्या पेन्सिलीकडं गेला.

मी म्हटलं, "आप्पा, जरा समोर तीन चहा सांगून येता का?"