‘साधी काच लावून सिरॅमिकचे पैसे घेतले’ या अभिप्रायास आमचे उत्तर

सप्रेम नमस्कार.

मुळशीकडील आपल्या फार्महाऊसवर आम्ही बसवलेल्या लाकडाच्या स्टोव्हबद्दल आपण एक तारा देऊन लिहिलेला अभिप्राय वाचला. दाराची काच दोन महिन्यांत आधी काळी आणि मग पांढुरकी झाली, दाराभोवतीचे गॅस्केट (फट बुजवणारी दोरी) खालच्या कडेला कडक होऊन सुटले, फोन केल्यावर आमचा कारागीर आठ दिवसांनी आला, गॅस्केट बदलण्याचे वेगळे पैसे लावले, आणि या सगळ्याचे मूळ म्हणजे आम्ही साधी काच बसवून सिरॅमिक काचेचे पैसे घेतले, असे आपले म्हणणे आहे. भर पावसात घरी पाहुणे असताना स्टोव्ह बंद ठेवावा लागला, त्याबद्दल मनापासून क्षमा मागतो. गौरी-गणपतीत आमचे दोन्ही कारागीर कोकणात आपापल्या गावी असतात, हे आपल्याला त्याच दिवशी फोनवर सांगितले होते, तरीही झालेल्या गैरसोयीचे आम्हांला वाईट वाटते.

उशीर आणि दर यांबद्दलची नाराजी आम्ही समजू शकतो, परंतु काचेबद्दलचे ते एक वाक्य मात्र आम्हांला फार लागले आहे. नऱ्ह्याचे हे वर्कशॉप वडिलांनी उभे केले, आणि एक वस्तू सांगून दुसरी गळ्यात मारल्याचा आरोप आजवर कोणीही आमच्यावर केलेला नाही. पुण्यात असे स्टोव्ह घेणारे लोक मोजके, ते एकमेकांना विचारून आणि असे अभिप्राय वाचूनच आमच्याकडे येतात. म्हणून हे उत्तर लांबले तरी ते पूर्ण लिहिणे आम्हांला भाग आहे.

साध्या काचेचा तर प्रश्नच येत नाही, कारण ती पहिल्याच मोठ्या जाळाला तडकते. फसवणूक करायचीच असेल तर कोणी टफन काच लावेल. ही काच ६०० अंशांच्या वर तापवून एकदम गार करतात आणि त्यातून तिला बळ येते; पण म्हणूनच सततच्या उष्णतेत ते बळ पुन्हा निघून जाते, आणि सुमारे २५० अंशांच्या पुढे तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. सिरॅमिक काचेची गोष्ट वेगळी आहे. १९५३ मध्ये अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीत डोनाल्ड स्टूकी यांची भट्टी ६०० ऐवजी ९०० अंशांपर्यंत तापली आणि आतल्या काचेत स्फटिक तयार झाले, तेथून या जातीच्या काचेचा शोध लागला. स्टोव्हसाठी वापरतात ती काच तापल्यावर जवळजवळ प्रसरणच पावत नाही, त्यामुळे एक भाग तापलेला आणि शेजारचा भाग गार असला तरी तिच्यात ताण निर्माण होत नाही आणि सुमारे ७०० अंशांपर्यंतची उष्णता ती सहन करते. चांगल्या इंडक्शन शेगडीची वरची काळी पाटीही याच कुळातली असते.

आता आपणच लिहिलेले एक वाक्य पाहावे. ‘स्टोव्ह पेटलेला असतानाच काचेवर ओला फडका मारून पाहिला, तरी डाग गेले नाहीत,’ असे आपण म्हणता. त्या जागी टफन काच असती, तर असा फडका मारल्यावर ती शाबूत राहण्याची शक्यता फार थोडी होती आणि आपल्या हाताला इजा झाली असती. आपली काच आजही अखंड आहे, तिच्यावर केसाएवढीही चीर नाही. ती सिरॅमिक असल्याचा याहून मोठा पुरावा आमच्याकडून काय द्यावा? (कृपया असे पुन्हा करू नये, काच टिकते म्हणून वाफेने पोळणारा हात टिकत नाही.)

मग ती काळी का झाली, याचे उत्तरही आपल्याच मजकुरात आहे. रात्रभर निखारा राहावा म्हणून आपण हवेचा खटका पूर्ण बंद करत होता आणि लाकूड वखारीतून आणलेले ताजे बाभळीचे होते. ताज्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणी असू शकते आणि स्टोव्हला ते २० टक्क्यांच्या आत लागते, म्हणजे फोडलेले लाकूड छपराखाली, वारा लागेल असे किमान एक कोरडा हंगाम तरी राहिले पाहिजे. स्टोव्हच्या वरच्या फटीतून येणारी हवा तापून काचेवरून खाली वाहते आणि धूर काचेला लागू देत नाही. तो खटका बंद केला की हा पडदाच नाहीसा होतो आणि ओल्या लाकडाचा डांबरासारखा धूर सरळ काचेवर बसतो. सिरॅमिक असो वा आणखी कोणती, अशा वेळी प्रत्येक काच काळी होते.

पांढुरकेपणाबद्दल लिहिताना संकोच वाटतो, पण आमच्या कारागिराने स्टोव्हशेजारी प्लायवूड आणि सनमायकाचे तुकडे रचलेले पाहिले आणि बंगल्याच्या फर्निचरमधून उरलेले ते तुकडे जाळत असल्याचे आपल्या केअरटेकरने त्याला सांगितले. त्यांतील डिंक, रंग आणि प्लॅस्टिक जळून जी आम्लयुक्त वाफ निघते ती काचेचा पृष्ठभागच खाते. काजळी पुसता येते, हे पुसता येत नाही. तो धूर माणसांनाही वाईट, म्हणून हे सर्वांसाठी लिहितो.

राहिला गॅस्केटचा विषय. ती काचतंतूंची दोरी आहे, दारातल्या खाचेत उष्णता सहन करणाऱ्या सिमेंटने बसवलेली. आपण काचेवर ओव्हन साफ करण्याचे तीव्र द्रावण फवारले, ते ओघळून खालच्या कडेत मुरले आणि त्यातल्या कॉस्टिक सोड्याने तंतू कडक झाले. दारात कागद धरून दार लावले आणि तो ओढून पाहिला, तर वर आणि बाजूंना तो घट्ट बसला, खाली मात्र अलगद सुटून आला. ही परीक्षा केअरटेकरसमोर केली होती. तेथून हवा शिरली की जाळ आवरत नाही आणि लाकूड जास्त लागते, म्हणून दोरी बदलणे टाळता येण्यासारखे नव्हते. ‘एवढ्याशा दोरीचे एवढे पैसे’ असे आपण लिहिले आहे, पण खाच खरवडून साफ करणे, दोरी न ताणता बसवणे, सिमेंट वाळेपर्यंत थांबणे आणि मुळशीपर्यंतची फेरी या सगळ्याचे ते पैसे आहेत. दोरीचा दर पावतीवर वेगळा लिहिलेला आहे आणि गॅस्केट झिजणारी वस्तू असल्याने ते वॉरंटीत येत नाही, हेही त्याच पावतीवर आहे. काच पूर्ण गार झाल्यावर ओल्या वर्तमानपत्राला बारीक, चाळलेली राख लावून पुसली, तर कोणतेही द्रावण लागत नाही.

सणासुदीत कारागिरांची पर्यायी सोय करण्याचा आम्ही निश्चित प्रयत्न करू आणि वापराच्या सूचना मराठीतून छापून देण्याचेही मनात आहे.

आपल्या काचेच्या तावातून उरलेला तुकडा वर्कशॉपमध्ये आहे. आपण केव्हाही यावे, तो आपल्यासमोर भट्टीत तापवून त्यावर पाणी ओतून दाखवू. त्यानंतर आपल्याला योग्य वाटल्यास तारा एकच ठेवावा, उशिराची तक्रारही तशीच ठेवावी, पण साध्या काचेबद्दलचे वाक्य तेवढे काढून टाकावे, ही नम्र विनंती.