कार्ट्रिज संथ होती म्हणून सीडी आली? नाही!

‘गेम कन्सोलमधली कार्ट्रिज संथ होती, म्हणून वेगवान सीडीने तिची जागा घेतली’ असा मजकूर सध्या फिरतोय. (कार्ट्रिज म्हणजे कन्सोलमध्ये खोचायची, खेळ साठवलेली डबी.) वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे.

१९९४च्या प्लेस्टेशनचा सीडी ड्राइव्ह सेकंदाला जेमतेम ३०० किलोबाइट वाचायचा. मुख्य मेमरी २ मेगाबाइट. म्हणजे ती एकदा भरायलाच सहा-सात सेकंद, शिवाय लेसरचं भिंग पुढेमागे सरकण्यात जाणारा वेळ वेगळा. ‘लोडिंग’च्या पाटीकडे बघत बसावं लागायचं ते यामुळे. कार्ट्रिजमधली रॉम चिप (जिच्यात खेळ कायमचा साठवलेला असतो) मात्र थेट कन्सोलला जोडलेली, फिरणारा भाग एकही नाही. निन्टेन्डो ६४ या कार्ट्रिजवाल्या कन्सोलवर खेळ जवळपास लगेच सुरू व्हायचा.

सीडी जिंकली ती जागेवर आणि खर्चावर. तिच्यावर सुमारे ६५० मेगाबाइट मावायचे, तर निन्टेन्डो ६४ची सर्वांत मोठी कार्ट्रिज ६४ मेगाबाइटची. आणि चकती छापणं चिप बनवण्यापेक्षा कितीतरी स्वस्त.

त्याच मजकुरातलं ‘आतली बॅटरी संपली की कार्ट्रिज बाद’ हेही चूक. बॅटरी असते ती मुख्यतः सेव्ह, म्हणजे खेळातली तुमची प्रगती, जपायला, आणि तीही काहीच कार्ट्रिजमध्ये. खेळ रॉममध्ये शाबूत राहतो. कृपया अशा कार्ट्रिज फेकून देऊ नका, बॅटरी बदलता येते.